जुन्या मोटारीस जुने एंजिन : एका काटकसरी परंपरेचा इतिहास

मोटारगाडीचा इतिहास लिहिणारे बहुधा कारखानदारांचा इतिहास लिहितात. कोणत्या वर्षी कोणते नवे वाहन बाजारात आले, त्याची किंमत काय होती, त्याने कोणत्या प्रतिस्पर्ध्यास मागे टाकले, एवढे सांगून झाले की त्यांची लेखणी थांबते. परंतु मोटार विकली गेल्यानंतर, पहिल्या मालकाने ती दुसऱ्यास आणि दुसऱ्याने तिसऱ्यास दिल्यानंतर, आणि अखेरीस ती एखाद्या भंगाराच्या आवारात जाऊन पडल्यानंतर तिचे पुढे काय झाले, हाही इतिहासच आहे. किंबहुना सामान्य माणसाचा मोटारीशी जो संबंध आला तो बहुतांशी या उत्तरार्धातच आला. नवी गाडी घेण्याची ऐपत ज्यांना नव्हती त्यांनी जुनी गाडी घेतली. जुन्या गाडीचे एंजिन निकामी झाले तेव्हा नवे घेण्याची ऐपत नव्हती म्हणून दुसऱ्या जुन्या गाडीचे एंजिन शोधले. आणि या शोधातून एक विद्या, एक बाजार आणि कालांतराने कायद्याचा एक प्रश्नही निर्माण झाला.

या विद्येचे माहेरघर अमेरिका हे होय. म्हणून प्रस्तुत लेखात मुख्यत्वे तेथील इतिहास सांगावयाचा आहे. आपल्याकडील परिस्थितीचा विचार अखेरीस करू, कारण तो केल्यावाचून हा विषय आपल्या वाचकांच्या दृष्टीने अपुरा राहील.

१

अमेरिकेत फोर्ड कंपनीने १९०८ ते १९२७ या काळात ‘मॉडेल टी’ या एकाच प्रकारच्या दीड कोटीहून अधिक मोटारी तयार केल्या. एकाच मापाचे इतके सुटे भाग जगात पूर्वी कधीही झाले नव्हते. याचा परिणाम असा झाला की एका टी मोटारीचा भाग दुसऱ्या टी मोटारीस निःशंकपणे बसे. खेड्यातील शेतकऱ्यासही दोन मोडक्या गाड्यांतून एक चालती गाडी उभी करता येऊ लागली. काटकसरीने जुनी गाडी उभारण्याच्या परंपरेचा पाया हा असा कारखान्यातच घातला गेला. भाग परस्परांच्या जागी बसतात, या एका गोष्टीवर पुढचा सारा व्यवहार उभा आहे.

१९२८ साली ‘मॉडेल ए’ आली. तिचे चार सिलिंडरचे एंजिन चाळीस अश्वशक्तीचे होते. त्यानंतर १९३२ साली हेन्री फोर्डने आठ सिलिंडरचे, ‘व्ही’ आकाराचे एंजिन सामान्य माणसाच्या मोटारीत बसविले. आठ सिलिंडरची एंजिने त्यापूर्वीही होती. पण ती श्रीमंतांच्या मोटारीत असत आणि त्यांचे साचे अनेक तुकडे जोडून तयार होत. फोर्डच्या कारखान्याने दोन्ही बाजूंचे सिलिंडर व खालचा भाग मिळून एकच ओतीव ठोकळा काढण्याची युक्ती साधली. २२१ घनइंचांचे आणि ६५ अश्वशक्तीचे हे एंजिन असलेली उघडी मोटार ४६० डॉलरपासून मिळू लागली. महामंदीच्या त्या वर्षांत हीही रक्कम लहान नव्हती. पण पाचसात वर्षांनी हीच मोटार अपघातात चेपून भंगारात आली तेव्हा तिचे एंजिन कारखान्यातील मुलास आपल्या पगारातून घेता येईल अशा किमतीला मिळू लागले.

कॅलिफोर्निया प्रांताच्या दक्षिणेस म्युरॉक, एल् मिराज यांसारखी सुकलेली तळी आहेत. त्यांचे कठीण, सपाट पृष्ठभाग मैलोगणती पसरलेले आहेत. लॉस एंजल्स परिसरातील तरुण आपल्या जुन्या फोर्ड मोटारींचे मडगार्ड व छप्पर काढून, वजन कमी करून, तेथे वेगाची चाचणी घेत. १९३७ साली या तरुणांच्या निरनिराळ्या मंडळांनी मिळून ‘सदर्न कॅलिफोर्निया टायमिंग असोसिएशन’ ही संस्था स्थापन केली. या मोटारींना पुढे ‘हॉट रॉड’ असे नाव पडले. मॉडेल ए मोटारीचे हलके शरीर आणि भंगारातून आणलेले फोर्डचे आठ सिलिंडरचे एंजिन, असा तो मेळ होता. श्रीमंतांच्या छंदातून ही परंपरा निघाली नाही, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे. ज्यांच्याजवळ पैसा थोडा आणि वेळ व हातातील कसब बरेच होते, अशांनी ती निर्माण केली.

दुसऱ्या महायुद्धात १९४२ च्या फेब्रुवारीत अमेरिकेने नागरी मोटारींचे उत्पादन थांबविले. लोखंड गोळा करण्याच्या मोहिमांत असंख्य जुन्या मोटारी वितळल्या गेल्या. परंतु त्याच युद्धाने हजारो तरुणांना यंत्रशाळेचे शिक्षण दिले. ते परत आले तेव्हा त्यांच्या हाती विद्या होती आणि खिशात थोडी बचत. १९४८ च्या जानेवारीत ‘हॉट रॉड’ मासिकाचा पहिला अंक निघाला, १९४९ साली युटा प्रांतातील बॉनव्हिलच्या क्षारभूमीवर वेगस्पर्धा सुरू झाल्या आणि १९५१ साली वॉली पार्क्स यांच्या पुढाकाराने ‘नॅशनल हॉट रॉड असोसिएशन’ उभी राहिली. छंदास शिस्त आली. आणि जुन्या एंजिनांच्या बाजारास मोठे गिऱ्हाईक मिळाले.

२

या बाजारात शिरणाऱ्यास पहिला धडा फोर्डच्या त्याच एंजिनाने शिकविला. या एंजिनात झडपा वरच्या झाकणात नसून खालच्या ठोकळ्यात होत्या. त्यामुळे झाकण अगदी सपाट असे व म्हणून त्यास ‘फ्लॅटहेड’ म्हणत. जळालेला वायू बाहेर नेणाऱ्या वाटा सिलिंडरांच्या मधून, ठोकळ्याच्या आतूनच जात. परिणामी सारी उष्णता थंड करणाऱ्या पाण्यास सोसावी लागे, एंजिन तापे आणि झडपेच्या बैठकीपासून सिलिंडरापर्यंत बारीक चीर पडे. अशी चीर बाहेरून दिसत नाही. झाकण उतरवून, पृष्ठभाग घासूनपुसून पाहिल्याशिवाय तिचा पत्ता लागत नाही. म्हणून अनुभवी ग्राहक आवारात गेला की रंगरंगोटी पाहत नसे. झाकण उघडू देणार काय, एवढेच विचारी. जो विक्रेता उघडू देई त्यास चार डॉलर अधिक देणे परवडे. जो देत नसे त्याच्याकडील एंजिनाची किंमत केवळ ओतीव लोखंडाच्या वजनाइतकी धरावी, असा व्यवहार होता.

दुसरा धडा गिअरबॉक्सचा. फोर्डच्या मोटारीत १९४८ पर्यंत मागील चाकांकडे शक्ती नेणारा दांडा एका बंद नळीत असे आणि ती नळी गिअरबॉक्सला जोडलेली असे. १९४९ पासून हा दांडा उघडा झाला. म्हणजे एका सालाचे एंजिन दुसऱ्या सालच्या गाडीत बसले तरी त्यामागील गिअरबॉक्स बसेलच असे नाही. जाणकार लोक १९३९ सालचा गिअरबॉक्स शोधीत. कारण त्यात गिअर न खरखरता पडण्याची योजना सुधारलेली होती आणि गिअरची दांडी पायाजवळील जुन्याच जागी होती. पुढील वर्षापासून दांडी सुकाणूच्या खांबावर जाऊ लागली. या गिअरबॉक्सात लिंकन झेफायर मोटारीची दंतचक्रे बसवून पहिला व दुसरा गिअर अधिक वेगवान करण्याची पद्धतही रूढ झाली. तात्पर्य, ‘फोर्डचा गिअरबॉक्स पाहिजे’ असे म्हणणारा नवशिका ठरे. जाणत्याच्या तोंडी साल असे, दांडीची जागा असे आणि मागच्या दांड्याचा प्रकार असे.

३

१९४९ साली कॅडिलॅक व ओल्ड्समोबिल या दोन मोटारींत झडपा वर असलेली, अधिक कार्यक्षम अशी आठ सिलिंडरची एंजिने आली. १९५१ साली क्रायस्लरनेही तसेच केले. ही एंजिने भंगारात पोहोचण्यास तीनचार वर्षे पुरली. आता जुन्या फोर्ड गाडीत कॅडिलॅकचे एंजिन बसविण्याची टूम निघाली. मात्र एका कंपनीच्या एंजिनास दुसऱ्या कंपनीचा गिअरबॉक्स जोडावयाचा तर मध्ये खास चकती हवी, क्लच वेगळा हवा, एंजिनाच्या बैठका नव्याने वेल्ड कराव्या लागत. स्वस्तात मिळालेले एंजिन गाडीत बसेपर्यंत महाग होई.

या अडचणीतून मार्ग काढला तो १९५५ सालच्या शेव्हरलेटने. मुख्य अभियंता एड कोल यांच्या देखरेखीखाली तयार झालेले हे २६५ घनइंचांचे एंजिन आकाराने आटोपशीर, वजनाने हलके आणि घडणीने साधे होते. १९५७ साली ते २८३ घनइंचांचे झाले, १९६२ साली ३२७ चे आणि १९६७ साली ३५० चे. परंतु सिलिंडरांच्या मध्यबिंदूंमधील ४.४० इंचांचे अंतर आणि मागे गिअरबॉक्स जोडण्याच्या बोल्टांची मांडणी ही दोन मापे तशीच राहिली. १९५५ सालचे एंजिन उतरवून तेथे वीस वर्षांनंतरचे चढविता येई. एकाचा गिअरबॉक्स दुसऱ्यास लागे. कारखानदाराने हे आपल्या उत्पादनाच्या सोयीसाठी केले. पण त्याचा सर्वांत मोठा लाभ भंगाराच्या आवारात हिंडणाऱ्या गरीब ग्राहकास झाला. २०११ च्या नोव्हेंबरात जनरल मोटर्सने या वंशातील दहा कोटीवे एंजिन पूर्ण झाल्याचे जाहीर केले. जी वस्तू दहा कोटी झाली ती दुर्मिळ होऊ शकत नाही. आणि जी दुर्मिळ नाही तिच्यापायी कोणास कर्ज काढावे लागत नाही.

तरीही सारी एंजिने एकसारखी नव्हेत, आणि जो हा भेद जाणत नाही त्यास स्वस्त वस्तू महाग पडते. पहिल्या वर्षीच्या २६५ घनइंची ठोकळ्यास तेलगाळणीची जागाच नव्हती. १९५५ ते १९५७ या तीन वर्षांच्या ठोकळ्यांस बाजूस बैठक घेण्याची सोय नव्हती. ती १९५८ पासून आली. १९७० नंतरच्या दहा वर्षांत निघालेले ४०० घनइंचांचे एंजिन बाहेरून पाहता भावंडांसारखेच दिसे. पण त्याचा तोल राखण्यासाठी पुढील कप्पी व मागील चक्र यांत मुद्दाम कमीअधिक वजन ठेवलेले असे. त्यास ३५० चे चक्र लावले तर गाडीभर हादरे बसत. १९८६ साली क्रँकशाफ्टच्या मागच्या टोकाची तेलरोधक कडी दोन तुकड्यांऐवजी एकसंध झाली आणि त्याबरोबर चक्राच्या बोल्टांचे वर्तुळ लहान झाले. म्हणजे १९८५ चे चक्र १९८६ च्या एंजिनास बसणार नाही. हे तपशील कंटाळवाणे वाटतील. परंतु दस्तऐवजातील चतुःसीमा जशी कंटाळवाणी वाटूनही वाचावीच लागते, तसेच हे आहे. ठोकळ्यावर ओतीव अंक असतात, पुढच्या बाजूच्या सपाट जागेवर ठोकलेली अक्षरे असतात. त्यांवरून साल, कारखाना आणि कोणत्या प्रकारच्या मोटारीसाठी ते एंजिन तयार झाले हे कळते. शब्दांपेक्षा या अंकांवर विश्वास ठेवावा, हा या बाजाराचा पहिला नियम होय.

या ज्ञानाची पुस्तकेही निघाली. कोणत्या गाडीचा कोणता भाग दुसऱ्या कोणत्या गाडीस चालतो याची कोष्टके असलेले ‘हॉलंडर’ हे ग्रंथ विसाव्या शतकाच्या चौथ्या दशकापासून भंगारवाल्यांच्या मेजावर दिसू लागले. वकिलाच्या कचेरीत निवाड्यांच्या ग्रंथांना जे स्थान, तेच आवाराच्या कचेरीत या कोष्टकांना आले.

४

गिअरबॉक्सच्या निवडीत हौस आणि काटकसर यांचा झगडा विशेष दिसतो. चार गतींचा, हाताने बदलावयाचा मन्सी गिअरबॉक्स १९६३ पासून निघाला. तो आज संग्राहकांच्या आवडीचा झाल्यामुळे त्याची किंमत कित्येकदा एंजिनापेक्षा अधिक असते. म्हणून काटकसरी मनुष्य १९६९ पासून लक्षावधी मोटारींत बसविलेल्या ‘टर्बो हायड्रामॅटिक ३५०’ या स्वयंचलित गिअरबॉक्सकडे वळला. तो लहान आहे, टिकाऊ आहे, त्यास विजेच्या तारांची अडगळ नाही आणि कुठेही दुरुस्त होतो. त्याचा एक दोष असा की शेवटच्या गतीत एंजिनाचा एक फेरा म्हणजे दांड्याचा एक फेरा. लांबच्या प्रवासात एंजिन घरघरत राहते आणि पेट्रोल खाते.

हा दोष दूर करणारा ‘७०० आर ४’ हा चार गतींचा गिअरबॉक्स १९८२ साली आला. त्याच सुमारास बोर्ग वॉर्नर कंपनीचा ‘टी ५’ हा पाच गतींचा, हाताने बदलण्याचा हलका गिअरबॉक्सही बाजारात आला. टी ५ ची कथा मोठी बोधप्रद आहे. तो कॅमेरोसारख्या वेगवान मोटारीत बसे, त्याप्रमाणेच एस-१० या लहान मालवाहू गाडीतही बसे. हौशी तरुण कॅमेरोचा शोधी. परंतु तो त्या मोटारीत एका कुशीवर कलता बसविलेला असे, त्यामुळे जुन्या गाडीत त्याची दांडी तिरपी येई. मालगाडीचा टी ५ मात्र सरळ उभा असे आणि त्याची दांडी पुढच्या बाजूस असल्यामुळे जुन्या गाडीच्या सलग बाकाच्या आड येत नसे. कुणालाही न आवडणाऱ्या गाडीतील भाग अशा रीतीने अधिक उपयोगी ठरला. मात्र टी ५ ला एंजिनाचा जोर मर्यादेपलीकडे सोसत नाही, हेही विसरता कामा नये. सौम्य एंजिनाच्या मागे तो वर्षानुवर्षे चालतो. उग्र एंजिनाच्या मागे त्याचे दात झिजतात.

५

आता खरेदीच्या पद्धतीविषयी. सत्तर ऐंशी वर्षांच्या अनुभवातून जी पद्धत निघाली तिचे सार असे की, एंजिन विकत घेऊ नये, गाडी विकत घ्यावी. मागून ठोकर बसून चेपलेली, विमा कंपनीने दुरुस्तीस अयोग्य ठरविलेली मोटार पुढच्या भागात बहुधा शाबूत असते. ती सगळीच घेतली म्हणजे एंजिनाबरोबर गिअरबॉक्स, रेडिएटर, चालू करणारी मोटर, वीज निर्माण करणारा डायनमो किंवा अल्टरनेटर, बैठका, तारा, पट्टे, इतकेच काय पण योग्य मापाचे बोल्टसुद्धा मिळतात. सुटे एंजिन अर्ध्या किमतीत मिळाले तरी पुढे या लहानसहान वस्तूंपायी दुप्पट खर्च होतो. शिवाय गाडी चालती असली तर एंजिनाचा आवाज ऐकता येतो. गरज संपल्यावर उरलेले शरीर पुन्हा भंगारात विकता येते.

चालत्या एंजिनाची परीक्षा तुलनेने सोपी आहे. ते थंड असताना सुरू करावयास सांगावे. कारण विक्रेत्याने आधीच तापवून ठेवलेले एंजिन आपले दोष लपविते. निळसर धूर म्हणजे तेल जळत आहे. पांढरा, गोडसर वासाचा धूर टिकून राहिला तर थंड करणारे पाणी सिलिंडरात शिरत आहे. प्रत्येक सिलिंडरातील दाब मापकाने मोजावा. आकडा किती, यापेक्षा आठही आकडे परस्परांच्या जवळ आहेत की नाहीत हे महत्त्वाचे. एकच सिलिंडर इतरांहून फार मागे असेल तर तेथे झडप, पिस्टनची कडी किंवा झाकणाखालचे पॅकिंग यांपैकी काहीतरी गेलेले आहे.

न चालणाऱ्या एंजिनाची परीक्षा अधिक धीराची. पुढच्या कप्पीच्या बोल्टास लांब पाना लावून ते हाताने पूर्ण दोन फेरे फिरते काय ते पाहावे. स्पार्क प्लग काढून त्यांची टोके पाहावीत. तेल मोजण्याची पट्टी बाहेर काढावी. तेल दुधाळ दिसले तर त्यात पाणी मिसळले आहे. खालचे तेलपात्र उतरविण्यास परवानगी मिळाली तर तळाशी चकचकीत कण आहेत काय हे बोटाने चाचपावे. गिअरबॉक्सची तऱ्हा याहून वेगळी. स्वयंचलित गिअरबॉक्समधील तेल लाल व स्वच्छ असावे. ते काळपट असून जळका वास येत असेल तर आतील घर्षणचकत्या संपल्या आहेत असे समजावे. हाताच्या गिअरबॉक्समध्ये प्रत्येक गिअर टाकून पुढचा दांडा फिरवून पाहावा आणि मागचा दांडा किती फेरे घेतो ते मोजावे. यावरून गिअरांचे प्रमाणही कळते आणि एखादा गिअर सुटतो की काय हेही कळते.

एवढे करूनही जुन्या वस्तूच्या पोटातले सारे कळत नाही. म्हणून शहाणा ग्राहक अंदाजपत्रकात एंजिनाच्या किमतीइतकीच रक्कम त्याच्या दुरुस्तीसाठी बाजूस ठेवतो. ज्याने सगळी पुंजी खरेदीतच घातली त्याची मोटार अंगणात ताडपत्रीखाली वर्षानुवर्षे उभी राहते, हा सर्व देशांतला अनुभव आहे.

६

१९९७ साली जनरल मोटर्सने आपल्या आठ सिलिंडरच्या एंजिनाची नवी पिढी आणली आणि १९९९ पासून तिचे ओतीव लोखंडाचे भाऊबंद मालवाहू व मोठ्या कुटुंबी गाड्यांत लाखोंनी बसविले. ४.८, ५.३ व ६ लिटर मापाची ही एंजिने आज अमेरिकेतील आवारांत काटकसरी लोकांची पहिली पसंती आहेत. दोन लाख मैल चाललेली, तरीही आतून फारशी न झिजलेली अशी ती सापडतात.

परंतु येथे व्यवहाराचे स्वरूप पालटले. पूर्वीच्या एंजिनास हवा, पेट्रोल आणि ठिणगी एवढेच लागे. या एंजिनास संगणक लागतो, त्याच्या तारांचा संपूर्ण जुडगा लागतो आणि पेट्रोल जवळजवळ ५८ पौंडांच्या दाबाने पुरविणारा पंप लागतो. जुन्या गाडीची टाकी व तिचा साधा पंप या कामी निरुपयोगी ठरतात. स्वयंचलित गिअरबॉक्सही संगणकाच्याच आज्ञेत असतो. शिवाय मालगाडीचे तेलपात्र खोल असल्यामुळे जुन्या मोटारीच्या आडव्या पट्टीवर अडते आणि हवा घेणारा वरचा भाग उंच असल्यामुळे बॉनेट लागत नाही. म्हणून आवारातून एंजिन उचलताना जो मनुष्य तारा कापून टाकतो तो पैसे वाचवीत नाही, पुढचा खर्च ओढवून घेतो. लोखंड स्वस्त झाले आणि माहिती महाग झाली, असे या नव्या काळाचे वर्णन करता येईल.

७

येथवर यंत्राचा विचार झाला. आता मालकीचा. एंजिन बदलल्यावर मोटार तीच राहते काय, या प्रश्नाचे उत्तर तत्त्वज्ञ काहीही देवोत, नोंदणीच्या कचेरीस निश्चित उत्तर हवे असते. अमेरिकेतील अनेक प्रांत विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मोटारीची नोंद एंजिनाच्या क्रमांकावरून करीत. एंजिन बदलले की कागदोपत्री मोटारच बदले. फोर्डच्या १९३२ ते १९४८ च्या आठ सिलिंडर मोटारींत तर हा ‘एंजिन क्रमांक’ एंजिनावर नसून क्लचच्या कवचावर व सांगाड्याच्या तुळईवर ठोकलेला असे. त्यामुळे गिअरबॉक्स बदलणाऱ्यास नकळत गाडीची ओळखच बदलावी लागे. पुढे सांगाड्यास प्राधान्य आले आणि १९८१ पासून सतरा अक्षरांचा एकरूप क्रमांक सर्व मोटारींस लागू झाला. ओळखीचा प्रश्न सुटला. पण संग्राहकांच्या बाजारात ‘मूळचेच एंजिन’ असलेल्या गाडीस मोठी किंमत येऊ लागली आणि त्याबरोबर अंक खोडून नवे ठोकणारे लबाडही निर्माण झाले.

आपल्याकडे हा विषय अधिक कडक आहे. भारतात जनरल मोटर्सने १९२८ पासून मुंबईत मोटारी जुळविल्या. स्वातंत्र्यानंतर देशी उत्पादनाचे धोरण आले तेव्हा परदेशी कंपन्यांनी आपली दुकाने आवरली आणि त्यांच्या मोटारी येथेच राहिल्या. पोर्तुगीज राजवटीत गोव्यात थेट परदेशांतून आलेल्या मोटारींचेही १९६१ नंतर तेच झाले. आयात परवान्यांच्या त्या काळात त्यांचे मूळ भाग मिळणे दुर्घट होते. मिस्त्रींनी मिळेल ते एंजिन बसविले आणि पेट्रोल महागल्यावर भल्या मोठ्या अमेरिकन मोटारींत डिझेल एंजिनेही घातली. ती गरज होती, हौस नव्हे. आज ज्यास एखादी जुनी ब्रिटिश मोटार उभी करावयाची आहे त्यास अ‍ॅम्बॅसिडरचा मोठा आधार आहे. तिचे १,४८९ घनसेंटिमीटरचे एंजिन ज्या वंशातील आहे त्याच वंशाचे एंजिन मॉरिस ऑक्सफर्ड व एम. जी. च्या काही मोटारींतही होते. अ‍ॅम्बॅसिडरचे उत्पादन २०१४ साली थांबले. परंतु तिचे भाग आणि ते जाणणारे हात अजून शिल्लक आहेत. फियाट ११०० च्या मालकांस प्रीमियर पद्मिनीचा असाच उपयोग होतो.

मात्र मोटार वाहन अधिनियम, १९८८ चे कलम ५२ असे सांगते की, नोंदणीपत्रातील तपशील निर्मात्याने मूळ ठरविलेल्या तपशिलाहून वेगळे होतील असा बदल मालकाने करू नये. २०१९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने या कलमाचा अर्थ कठोरपणे लावला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ मध्ये परवानगीवाचून केलेल्या बदलाबद्दल सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलास पाच हजार रुपये दंड, अथवा दोन्ही, अशी तरतूद आहे. २०२१ च्या जुलैत प्राचीन मोटारींच्या नोंदणीचे स्वतंत्र नियम आले. त्यांचा लाभ पन्नास वर्षांहून जुन्या, आणि सांगाडा, शरीर व एंजिन यांत भरीव बदल न झालेल्या मोटारीसच मिळतो. नव्या नोंदणीचे शुल्क वीस हजार रुपये आहे. म्हणजे ज्या मोटारीने टंचाईच्या दिवसांत दुसरे एंजिन घेऊन आपले प्राण वाचविले, तिलाच आज सन्मानाच्या यादीत जागा मिळणे कठीण.

कायद्याचा हेतू वाईट नाही. रस्त्यावर येणाऱ्या प्रत्येक वाहनाची घडण कोणीतरी तपासलेली असावी आणि चोरीच्या मालास वाट मिळू नये, हे दोन्ही हेतू योग्यच आहेत. अमेरिकेतील तरुणाने साठ अश्वशक्तीच्या गाडीत तीनशे अश्वशक्तीचे एंजिन घातले तेव्हा ब्रेक जुनेच राहिले आणि त्यापायी माणसेही दगावली, हे विसरून चालणार नाही. परंतु निर्दयपणे बदललेली गाडी आणि जगविण्यासाठी त्याच जातीचे एंजिन घातलेली गाडी, या दोहोंत भेद करणारी दृष्टी नियमांत आली तर बरे. तोवर सावधपणा हाच उपाय. एंजिन घेण्यापूर्वी नोंदणी अधिकाऱ्याची लेखी मंजुरी मिळवावी. शक्यतो त्याच जातीचे व त्याच इंधनाचे एंजिन निवडावे. विक्रेत्याकडून पावती घ्यावी, तीवर एंजिनाचा क्रमांक असावा आणि ज्या गाडीतून ते निघाले तिची नोंदणी रद्द झाल्याचा कागदही मागावा. मालविक्री अधिनियम, १९३० च्या कलम २७ चा साधा अर्थ असा की, जो मालक नाही त्याच्याकडून घेणारासही सहसा मालकी मिळत नाही. अंक खोडलेले एंजिन कितीही स्वस्त असले तरी ते आवारातच राहू द्यावे.

या साऱ्या इतिहासात एक गोष्ट पुनःपुन्हा दिसते. काटकसरीने मोटार उभारणारा मनुष्य पैशाची उणीव ज्ञानाने भरून काढतो. फ्लॅटहेडची चीर, शेव्हरलेटचे १९८६ सालचे चक्र, मालगाडीचा सरळ उभा टी ५, या सर्वांचे ज्ञान कुणा विद्यापीठाने दिले नाही. तेलकट हातांनी ते एकमेकांस सांगितले आणि पुढच्या पिढीपर्यंत पोहोचविले. आपल्याकडे बेळगाव, मडगाव, इंदूर, बडोदे यांसारख्या गावांत अ‍ॅम्बॅसिडर व फियाट उकलून पुन्हा जोडणारे वयस्क मिस्त्री अजून आहेत. त्यांची मुले संगणकाच्या गाड्या दुरुस्त करतात, आणि तेही योग्यच आहे. परंतु कोणत्या सालचा कोणता भाग कशास बसतो ही त्यांच्या स्मरणातील कोष्टके कुणीतरी बसून वहीत उतरवून घेतली पाहिजेत. एंजिन भंगारात दहा वर्षे पडून राहिले तरी पुन्हा चालू होऊ शकते. ही माहिती मात्र सांगणाऱ्याबरोबर जाते.